आमटी लॅकॉनिक नसते

४ जून
ह्यांना अर्धांगाचा झटका आल्यापासून घरात एकच आवाज, माझा. मलाच कंटाळा आलाय त्याचा. स्पीच थेरपीच्या बाई चित्रं दाखवतात. कप, छत्री, मांजर. हे तोंड फिरवतात. जन्मभर कर्वेनगरात इंग्रजीचा क्लास घेतलेल्या माणसाला मांजर!
शोभा झाडू-फरशी करता करता क्लासच्या खोलीतला फळा पुसायला निघाली. ओरडलेच तिच्यावर. ह्यांच्या हातचा शेवटचा शब्द आहे तो. लॅकॉनिक.

६ जून
डिक्शनरी काढली. लॅकॉनिक म्हणजे मोजकं, थोडक्यात. जेवताना सहज विचारलं, "आमटीत मीठ लॅकॉनिक झालंय का हो?"
ह्यांनी चमचा आपटला. "छे!"
छे! अगदी स्पष्ट. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. आमटी गार झाली.

७ जून
बाई म्हणाल्या, रागात कधीकधी शब्द सुटतो. राग आणायला मी आहेच की. खडकवासला धरणाचं कारण सांगून सोसायटीनं पाणी कमी सोडलं. "अहो, नळ आज फार लॅकॉनिक." नुसते डोळे वटारले.

१० जून
मीराचा कोथरूडहून फोन, स्पीकरवर. मी म्हटलं, पंखा लॅकॉनिक फिरतोय. "आई, चुकतेयस, तो शब्द..." तिला तिथंच गप्प केलं. तुझ्या बाबांना सांगू दे.
आणि सांगितलं! "मा... माणूस. बो... बोलणं." घामाघूम झाले, पण माझी चूक काढलीच.

१५ जून
पुन्हा काही नाही. डॉ. म्हणतात धीर धरा. कुठल्या दुकानात मिळतो, तेही सांगा म्हणावं.

१८ जून
आज मुद्दाम बरोबर वापरला. "तुम्ही हल्ली लॅकॉनिक झालात." वाटलं, खूश होतील. ह्यांनी मान हलवली. "नाही. ना... नाइलाज."
खरंच की. लॅकॉनिक माणूस आपल्या मर्जीनं कमी बोलतो. फार वाईट वाटलं. माझा हात सोडेनात.

२१ जून
चहा घेऊन गेले तर हे खुर्चीत नाहीत. क्लासच्या खोलीत, भिंतीला टेकून, डाव्या हातात डस्टर. फळा कोरा.
"अहो, हे काय केलंत?"
"झाला. शि... शिकवून."
खडू घेतला. डाव्या हातानं वेडावाकडा एस काढला आणि थांबले. मी विचारलं, पुढचं अक्षर?
"उद्या."