फेरतपासणीच्या दहा स्लाइड

४ ऑगस्ट
मोफ्या आज परत आली. सुकी मासळी विकणारी, तीन लेकरांची आई. गेल्या महिन्यापेक्षा निम्मी झालीय. तिसऱ्यांदा तिच्या थुंकीची स्लाइड केली. निळ्यावर लाल काड्या दिसल्या की क्षय. शंभर ठिकाणी पाहिलं, काहीच नाही. पण मला हल्ली निळंही धुरकट दिसतं, लाल काय दिसणार?

‘निगेटिव्ह’ लिहिलं. सही ठोकली. सिस्टर चोला म्हणाली, "काबासोकाकांनी नाही म्हटलं ना, मग नाही." खोकल्याचं औषध देऊन तिने मोफ्याला घरी पाठवलं.

एकतीस वर्षांची अब्रू माझी. तीच आता गळ्याशी आलीय.

६ ऑगस्ट
सांगून टाकावं. रोज ठरवतो, रोज कच खातो. मी तोंड उघडलं की लॅबला कुलूप. या बेटावर दुसरा आहे कोण? मागे मी दोन महिने आजारी होतो, तेव्हा थुंकीच्या डब्या नावेने शहरात जायच्या. निकाल येईपर्यंत दोघांना पुरूनही झालं होतं. म्हणजे सांगितलं तरी माणसं जाणार, नाही सांगितलं तरी. आणि खरं लिहायचं तर — घरी बसायची भीती वाटते मला.

७ ऑगस्ट
थुंकी तपासायचं नवं यंत्र मार्चपासून खोक्यातच. त्याला माझे डोळे लागत नाहीत, दोन तासांत आपलं आपण उत्तर देतं. पण उद्घाटनाला मंत्री यायचेत, तोवर हात लावायचा नाही. चोला त्यावर चहाचे कप ठेवते.

११ ऑगस्ट
तपासनीस आले, कापेम्ब्वा साहेब. दर तीन महिन्यांनी माझ्या दहा स्लाइड शहरात नेतात, तिथे दुसरा माणूस त्या पुन्हा पाहतो. स्लाइड त्यांनी निवडायच्या असतात. पण यांना ताज्या मासळीची घाई. "तुम्हीच द्या हो काढून, काका. तुमचं काय तपासायचं?"

मोफ्याच्या तिन्ही घातल्या. चूक असेल तर धरा मला. स्वतःहून बोलायला जमत नाही.

१९ ऑगस्ट
मोफ्या धक्क्यावर टोपली मांडून बसली होती. मला पाहून हसली. "काही नाही ना, काका? मग मी आपली कामाला लागले." मी मान हलवली. लाज कशी वाटत नाही मला!

२२ ऑगस्ट
अजून पत्र नाही.

२ सप्टेंबर
पत्र आलं. दहापैकी दहा बरोबर! म्हणजे मोफ्याला क्षय नाही, आणि माझे डोळेही शाबूत आहेत. चोलाला दोनदा वाचून दाखवलं. ती म्हणाली, "आता गोडधोड नाही तर निदान मासे तरी चारा." दुपारी मक्याच्या पिठाची घट्ट उब्वाली पोटभर जेवलो. उगाच इतके दिवस जिवाला घोर लावून घेतला.

३ सप्टेंबर
स्लाइडचा डबा आजच्या नावेने परत आला. पाठवताना मी झाकणावर कागदाची पट्टी चिकटवून त्यावर सही करतो. पट्टी तशीच आहे. डबा कुणी उघडलाच नाही.

चोलाला सगळं सांगितलं. लॅबला कुलूप लावून किल्ली तिच्या हातात दिली. मोफ्याला घेऊन याच नावेने शहरात निघालोय.