सेन्सरवरचं कुंकू

प्रिय सर,

साष्टांग नमस्कार.

तुम्ही गेल्यापासून लिहावंसं अनेकदा वाटलं, पण सांगण्यासारखं काही नव्हतं. आज आहे. चार वाजता तिन्ही प्रयोगशाळांची व्हिडिओ मीटिंग आहे. ती संपली की आपला पेपर जाणार, तुमचं नाव सगळ्यात वर. आत्ता तीन वाजलेत आणि मी गच्चीच्या जिन्यात बसलोय. मला जे दुपारी कळलं ते अजून कुणालाच माहीत नाही. आधी तुम्हाला सांगतो.

सर, आपल्या पेपरमधली ती सरळ रेष, सेल टिकतात असं सांगणारी, खोटी आहे.

आठवतं, पेरोव्हस्काइट म्हणजे काय ते तुम्ही मला कसं समजावलं होतं? मी लोणी काळभोरच्या पलीकडच्या शाळेतला, नुसता आयटीआय झालेला माणूस. तुम्ही बाटलीतलं पिवळं द्रावण काचेवर टाकलंत, काच गरगर फिरवलीत, तापवलीत, आणि ती काळी झाली. "दत्तोबा, शाईसारखं पसरायचं आणि उन्हातून वीज घ्यायची. मोठी भट्टी नको, महाग सिलिकॉन नको. तुमच्या शाळेच्या पत्र्यावर परवडेल असं करू."

मी विचारलं, "पन टिकंल का सर?"

"टिकत नाही. म्हणून तर तुम्हाला ठेवलंय."

तेव्हापासून त्या काळ्या काचांच्या, म्हणजे सोलर सेलच्या, कडा बंद करण्याचं काम माझं. दमट हवा आत जायला नको, आतलं शिसं बाहेर मातीत यायला नको. माझी बोटं त्या चिकट पट्टीने सोलवटली, पण तुम्ही "छान" म्हणालात की दिवस चांगला जायचा. तसं तुम्ही वर्षातून दोनदाच म्हणायचात!

गेल्या नवरात्रात सेलची नवी बॅच गच्चीवर चढवली. खंडेनवमीला मी प्रयोगशाळेतल्या सगळ्या यंत्रांची पूजा करतो, तुम्हाला माहीतच आहे. तुमचा देवावर विश्वास नव्हता, पण मला कधी अडवलं नाहीत. "लावा लावा, माझं ऐकत नाहीत, तुमचं तरी ऐकतील." मी हळदकुंकू घेऊन वर आलो. गच्चीवर वारा होता, कुंकू उडत होतं. म्हणून मी त्यात थेंबभर तिळाचं तेल कालवलं. स्टँडला बोट लावलं, तारांच्या डब्याला लावलं, आणि सेलच्या शेजारी ऊन मोजायचा जो छोटा सेन्सर आहे, त्याच्या काचेच्या कोपऱ्यालाही लावलं. अगदी इवलंसं.

सेल दर सोमवारी पुसायचे, पण सेन्सरला कुणी हात लावायचा नाही, हा तुमचा नियम. तो नियम मी सगळ्यांकडून पाळून घेतला. पूजा म्हणजे हात लावणं, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

तेल हळूहळू काचभर पसरलं. वारज्याच्या बाजूला एवढ्या इमारती उठताहेत, त्यांची धूळ त्यावर बसत गेली. सेन्सरला ऊन दिवसेंदिवस कमी दिसू लागलं. इकडे सेल दमत होते, वीज कमी देत होते, आणि आकडे म्हणत होते, सेलचा काय दोष, आज ऊनच कमी आहे. वीज आणि ऊन दोन्ही बरोबरीने उतरत गेले, भागाकार तेवढाच येत राहिला, आणि कागदावरची रेष सरळ राहिली.

त्या रेषेसाठी आपण नलिनी मॅडमना काय काय बोललो! किनाऱ्यावरच्या त्यांच्या प्रयोगशाळेत आपलेच सेल दोन महिन्यांत उतरले होते. त्यांनी तीनदा कळवलं. तुम्ही म्हणालात, "मॅडम, तुमच्या समुद्राला जरा लांब बसायला सांगा." सगळे हसले, मीही हसलो. मग त्यांचे आकडे पेपरमधून काढले. त्या एवढंच म्हणाल्या, "ठीक आहे सर. पण एकच सेन्सर तिन्हीकडे फिरवून पाहू या का?" तुम्ही उत्तरच दिलं नाहीत. का नाही दिलंत? एवढ्या साध्या प्रश्नाला घाबरण्यासारखं काय होतं, सर?

दवाखान्यात मी शेवटचा भेटलो तेव्हा तुम्हाला बोलवत नव्हतं. तुम्ही विचारलंत, "रेष?" मी म्हणालो, "सरळ आहे सर." तुम्ही डोळे मिटलेत आणि म्हणालात, "छान." वर्षातलं तिसरं.

मॅडमनी तो सेन्सर शेवटी पाठवलाच. आज दुपारी मी तो आपल्या सेन्सरशेजारी बसवला. एकाच उन्हाचे दोन आकडे आले. मला वाटलं, तार सैल असेल. तार नीट होती. मग वाकून काचेकडे पाहिलं, तर धुळीखाली कोपऱ्यात लाल दिसलं.

माझ्या हातात स्पिरिटचा बोळा होता. एकदा पुसलं की संपलं. मी देवाचं नाव घेतलं. खरं सांगतो सर, धीर यावा म्हणून नाही घेतलं, कुणी वर येऊ नये म्हणून घेतलं. त्याचीच जास्त लाज वाटली. बोळा खिशात ठेवला आणि हे पत्र लिहायला घेतलं.

एवढं लिहीपर्यंत ऋता वर आली. तुमची विद्यार्थिनी ऋता, तीन वर्षं या कामामागे लागलेली, तिचा हा पहिला मोठा पेपर.

"काका, सगळं रेडी आहे. मीटिंग झाली की सबमिट. काही राहिलंय का?"

"राहिलंय," मी म्हणालो आणि तिला सेन्सरपाशी नेलं.

तिने मीटरवरचे दोन्ही आकडे पाहिले, मग काच पाहिली. मी तेलाचंही सांगितलं. ती तिथेच कट्ट्यावर बसली.

"काका, तुम्हाला आजच बघायचं होतं? उद्या बघितलं असतं तर काय बिघडलं असतं?"

मी खिशातला बोळा काढून कट्ट्यावर ठेवला.

"सॉरी," ती म्हणाली. डोळे पुसले, मोबाइल काढून काचेचे फोटो घेतले, एकदा, दोनदा, चारदा. "पुसू नका हं. असाच राहू दे. मॅडमना कोण सांगणार?"

"मी."

"आणि सरांचं नाव?"

तुम्ही असतात तर आज मला गच्चीवरून ढकललं असतंत, आणि मग स्वतः मॅडमना फोन केला असतात. निदान मी तरी तसंच धरून चाललोय. चूक असेल तर माफ करा.

देवाला मी दोष देत नाही. त्याने मला तेल घालायला सांगितलं नव्हतं.

सर, आपला सेल उन्हाळ्यापर्यंत टिकला नाही. तुम्ही समाधानाने गेलात ते माझ्या शब्दावर, आणि तो शब्द खोटा होता. म्हणून जगाच्या आधी हे तुमच्या कानावर घालतोय.

चारला पाच मिनिटं कमी आहेत. ऋताने खालून हाक मारली, मॅडम मीटिंगमध्ये आल्यात. पहिलं मी बोलेन, आणि त्यांची माफी तुमच्या-माझ्या दोघांच्या वतीने मागेन. पेपर आज जाणार नाही. जाईल तेव्हा त्यांचे आकडे त्यात असतील. कडा मी नव्याने बंद करायला घेईन, पुन्हा पहिल्यापासून. त्या सेलचं जे होईल ते इथे बसून तुम्हाला लिहीन, टिकले तरी आणि नाही टिकले तरी.

तुमचा,
दत्तात्रय