खिडकी पाडण्याच्या अटीवर

मी, धुरपदा सोपानराव कोरेकर, मुक्काम न्हावरे, तालुका शिरूर, हे माझ्या हाताने लिहिते. डोके ठिकाणावर आहे. कोणाची बळजबरी नाही. उलट लिहू नये म्हणूनच घरचे मागे लागले आहेत.

१. राहते घर माझ्या नावावर आहे. ते माझ्यामागे सून अंजना हिला मिळावे, मुलगा जालिंदर याला नाही. अंजनाला टीबी आहे. तिला यवतला माहेरी धाडायची बोलणी माझ्या कानावर आली आहेत. घरच तिचे झाल्यावर कोण कोणाला धाडतो ते बघू.

२. अट एकच. निजायच्या खोलीला खिडकी पाडावी. या घरात कोणाला खोकला झाला की आधी त्याचे ताट-पेला वेगळे होते. मग त्याच माणसाला शेजारी घेऊन, दार लावून, फटीत पोती कोंबून सगळे झोपतात. "वारं बाधतंय," म्हणे. हा रोग खोकल्यातून, हवेतून लागतो, पेल्यातून नाही, हे डॉक्टरांनी सांगितले, मी सांगितले. पालथ्या घड्यावर पाणी. खोकताना तोंडावर पदर धरावा, झाकणाच्या डब्यात थुंकावे, ते जाळावे. नातीला बीसीजी टोचून घ्यावी.

३. माझा जर्मनचा (अ‍ॅल्युमिनियमचा) पेला जाऊबाई रंगुबाई यांना. मला टीबी झाला तेव्हा त्यांनीच तो कोनाड्यात वेगळा ठेवला. थुंकी तपासून डॉक्टरांनी मी बरी झाल्याचे सांगितले, तरी पेला वेगळाच राहिला. आता त्यांनी त्यातून चहा प्यावा. काही होणार नाही.

४. जमीन जालिंदरची. परवा अंजनाच्या गोळ्या फडताळात तशाच दिसल्या. विचारले तर म्हणाला, "आये, खोकला थांबलाय की. कांदा काढायचा सोडून तिला दवाखान्यात कवर न्यायची?" खोकला थांबला म्हणजे रोग मेला असे नाही. औषध मध्येच सोडले की तो परत उठतो, आणि मग त्याच गोळ्यांना जुमानत नाही. माझी नणंद साखरबाई अशीच गेली. तेव्हाही सगळे म्हणत होते, बरी झाली. सांगून सांगून मला वीट आला आहे. सून मला जिवंत हवी आहे.

म्हैस अंजनाची. दूध उकळून तिने प्यावे, उरले तर डेअरीला.

५. अंजनाची औषधे पुरी होईपर्यंत या कागदाचा कोणाला उपयोग नाही, कारण तोवर मी मरणार नाही. उद्यापासून तिला एसटीने शिरूरला मीच नेणार आहे. जालिंदरने कांदा काढावा.

सही: धुरपदा सोपानराव कोरेकर
न्हावरे, १४ मार्च १९७६

साक्षीदार: पोपटराव, जाईबाई. दोघांनी माझ्या पेल्यातून चहा घेतला, म्हणून साक्षीला घेतले. चांगदेवरावही आले होते. पेला पाहून त्यांना मळ्यातले काम आठवले.