भट्टीपाशी ओलं काही नको

बाबा, आज मी एका म्हातारीवर ओरडले. अगदी तुमच्या आवाजात ओरडले.

काशीमीऱ्याला हायवेच्या मागे, गॅरेजांच्या रांगेत आमचा कारखाना आहे. तुमच्या ओतशाळेत पितळ वितळायचं, इथे सिलिकॉन वितळतं, सोलर पॅनेलला लागतं ते. काम तुम्हाला ओळखीचं वाटलं असतं. कच्चा माल मुशीत वितळवायचा, वर चुना आणि वाळूची भुकटी टाकायची. ती वितळून आतली थोडी घाण ओढून घेते, ती मळी काढायची. मग राहिलेला रस तळाकडून वर, अगदी सावकाश गोठू द्यायचा. लोखंडासारखी उरलेली घाण पातळ रसाबरोबर वर सरकत जाते आणि शेवटी माथ्याशी जमते. माथा कापला की खालचं चोख. घाई केली तर घाण आतच अडकते. आच मात्र पितळेच्या कितीतरी पुढची. झाकण उघडलं की मला अजून भीती वाटते. इथे कुणाला ते ठाऊक नाही. सुपरवायझर, त्यात बाई, त्यात भट्टीवाल्याची लेक; मी घाबरून कसं चालेल?

आज नव्या भट्टीची पहिली खेप होती. पूजा मी सकाळीच गेटबाहेर उरकून घेतली, नारळही तिथेच फोडायला लावला. दसऱ्याला तुम्ही तसंच करायचात आणि सगळे तुम्हाला हसायचे, यंत्रांना नारळाचं पाणीही लागू देत नाही म्हणून. पण शेठची आई, इथे सगळे तिला बा म्हणतात, ट्रॅफिकमध्ये अडकली आणि तिची पूजा चुकली. ती पोचली तेव्हा मुशीतला माल वितळून तयार होता. मी काळा चष्मा चढवून आत बघत होते, इतक्यात मागे नारळ फुटला. चष्मा वर सारून वळून पाहिलं तर बा चुन्याच्या परातीवर पाणी शिंपडत होती. पांढऱ्या भुकटीवर काळपट ठिपके पडले होते, आणि आमच्या कामगाराने नेमकं तिथलंच फावडं भरून मुशीकडे उचललं होतं.

"हात मागे! मरायचंय काय?" मी दोघांवरही ओरडले.

तो जागच्या जागी थबकला. बाच्या हातातली करवंटी खाली पडली. "बेटा, नारियल का पानी है, पवित्र है," ती म्हणाली आणि रडायलाच लागली. शेठ चिडला. "मॅडम, मां को ऐसे बोलने का? पहिल्याच दिवशी अपशकुन केला तुम्ही." मी ती परात उचलून बाहेर ठेवली, कोरडी भुकटी आणवली, खेप पुढे नीट गेली. कदाचित त्या ठिपक्यांनी काहीच झालं नसतं. कदाचित पाण्याची वाफ होऊन अख्खी मूस आमच्या तोंडावर उडाली असती. आता ते कधीच कळायचं नाही, आणि मी मात्र सगळ्यांच्या लेखी तोंडाळ बाई ठरले.

मी सहावीत आहे. भाईंदरला तुमच्या ओतशाळेत डबा घेऊन आलेय. तुमचा मळी काढायचा लांब डाव जमिनीवर पडलाय, काळाकुट्ट. आईने शिकवलंय, खरकटं दिसलं की विसळून ठेवावं. मी तो नळाखाली स्वच्छ घासते आणि जागेवर ठेवते. तुम्ही न बघता उचलता, मुशीवर धरता, आणि दांड्यावरून ओघळणारं पाणी तुम्हाला दिसतं. डाव लांब फेकला जातो. "मरायचंय काय?" अख्खी ओतशाळा माझ्याकडे बघते. शाबासकी मिळेल म्हणून उभी होते मी, बाबा.

त्या संध्याकाळी तुम्ही भात कालवलात, पण घास तोंडाशी गेला नाही. आई म्हणाली, "अहो, पोर आहे ती. इतका कसला राग?" तुम्ही म्हणालात, "येतो राग कधीकधी," आणि हात धुवून उठलात. तुमच्या हातातला तांब्या ताटावर खडखडला, तोही मला रागच वाटला. तुम्ही कायमचे गेलात तरी त्या रागाचा सल मी मनातून काढला नव्हता.

आता दुपार टळलीय. भट्टीत रस तळातून गोठत चाललाय, मी केबिनमधून तापमानाचे आकडे बघतेय. पंखा खुट्ट वाजला तरी दचकतेय. डबा उघडलाय, पण चपातीचा तुकडा बोटांत ठरत नाही. तेव्हा तुमच्या हातात तो तांब्या का ठरत नव्हता, ते मला आज कळलं. तुम्ही घाबरला होतात, बाबा. माझ्यासाठी.

हा कागद घडी करून डब्याच्या पिशवीत ठेवीन. तुम्हाला कुठल्या पत्त्यावर धाडू? मघाशी शेठ केबिनमध्ये आला होता. जरा नरमला होता. "मॅडम, इतना गुस्सा क्यों?" म्हणाला. खरं सांगायची चांगली संधी होती. मी हात टेबलाखाली घेतले आणि म्हटलं, "येतो राग कधीकधी."