सतरा नंबरचा फॉर्म

रजिया आपा,

भूकंपानंतर पत्र्याच्या शेडमध्ये तू सुरू केलेल्या शाळेला मान्यता नव्हती. बंद करायची नोटीस आली तेव्हा तू विचारलंस, "मुज्तबा, पोरं दहावीला कशी बसतील? काही रस्ता हाय का?"

"न्हाई," मी म्हणालो.

रस्ता होता. सतरा नंबरचा फॉर्म भरून पोरं बाहेरून परीक्षेला बसू शकत होती. पण माझ्या लातूरच्या क्लासला तुझ्यासारखी गणिताची बाई हवी होती. तू आलीस, क्लास नावारूपाला आला. तुझी अकरा पोरं दहावीविना राहिली.

काल एका पोरीचा तोच फॉर्म भरताना तू विचारलंस, "हा तेव्हा नव्हता का रे?"

"आत्ताच निघालाय."

"बरं झालं, हिला तरी मिळाला," म्हणून तू हसलीस.

हे पत्र तुझ्या हाती द्यायची हिंमत होत नाही.

तुझा भाऊ म्हणवणारा,
मुज्तबा