दार उघडं होतं

९ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझे यजमान आमच्या पाळीचे साहेब, आणि बॉयलरमध्ये वाळू कशाला घालतात हे तू मला विचारतेस! तुला नाही कळायचं, असं भाऊजी म्हणाले असणार.

ऐक. बॉयलरच्या तळाशी कंबरभर वाळू. तिच्याखाली भोकाभोकांचा पत्रा, त्यातून पंखा जोराचा वारा सोडतो. वारा पुरेसा झाला की सगळी वाळू आधणासारखी उकळते, पाण्यासारखी वाहते. ती लालबुंद तापवून त्यात कोळशाचा चुरा सोडायचा. ढीगभर वाळूत चिमूटभर कोळसा. प्रत्येक कणाला चहूकडून वारा, म्हणून कसलाही भिकार कोळसा जळतो. वाळूत बुडालेल्या नळ्यांमधल्या पाण्याची वाफ होते. फक्त फार तापू द्यायचं नाही. राख वितळली की वाळूचे गोळे धरतात, वारा कोंडतो. मग पंखा थांबवून, बाजूचं दार उघडून ते सळईने ओढायचे. वाळू तेव्हा निपचित असते, पण आतून लालच.

हे काम आमच्या पाळीतल्या एका गड्याचं, सगळे त्याला पैलवान म्हणतात. काल उशीर झाला म्हणून भाऊजींनी सगळ्यांदेखत त्याच्या थोबाडीत मारली. एवढा आडदांड गडी, नुसता गाल चोळत राहिला. माझे हात शिवशिवत होते. तुझ्याकडे बघून गप्प बसलो.

लोभ आहेच, तो वाढू दे.
तुझा,
धाकटा

१६ जानेवारी

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

वाळू अगदी तुझ्यासारखी दिसते, जरा वारा घातला की उसळणारी. शेजाऱ्याचं नाक फोडून यायचास आणि माझ्या पदराआड लपायचास. आता तेवढा पदर पुरायचा नाही, बाबा.

ह्यांच्या रागाचं मला नवल नाही. रविवारी घरी येतात तेव्हा इथेही भांडी आदळतात. वाफेसाठी वरून तगादा असतो म्हणे. तू मध्ये पडू नकोस, तुला माझी शपथ.

जिवाला जप, माया आहेच.
तुझी,
ताई

२ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न.

तुझी शपथ मोडली. जामिनावर सुटून आलोय. दुसऱ्या कुणाकडून ऐकशील त्याआधी मीच लिहितो.

परवा पुन्हा गोळे धरले. पंखा थांबवला, पैलवानाने दार उघडून सळई आत घातली. पंख्याचा खटका वर भाऊजींच्या खोलीत, मी तिथे फोन करून सांगितलं की दार उघडं आहे, पंखा लावू नका. भाऊजी म्हणाले, मला अक्कल शिकवू नकोस. आणि पंखा घरघरला. ताई, निजलेली वाळू उठली आणि दारातून लाल पाण्यासारखी त्याच्या अंगावर आली. आधी गुडघ्यापर्यंत, मग कमरेपर्यंत. ओढून काढला तेव्हा बूट आतच राहिले, आणि बुटांबरोबर... पुढचं लिहवत नाही. संध्याकाळी तो गेला.

त्याला दवाखान्यात नेलं तेव्हाच मी जिना चढून वर गेलो होतो. तिथली दुसरी सळई उचलून घेतली होती. भाऊजी फोनवर सांगत होते की पैलवानाने न विचारता दार उघडलं. त्यांचा उजवा हात मी दोन घावांत मोडला. तिसरा डोक्यावरच बसायचा, पण लोकांनी मला खाली पाडून दाबून धरलं. तुझा नवरा वाचला तो त्यांच्यामुळे, माझ्यामुळे नाही.

लोभ ठेव म्हणायला तोंड नाही.
धाकटा

१९ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
आशीर्वाद.

तुझ्यावर राग आहे आणि राहणार आहे.

ह्यांना मीच भरवते, बटणं लावून देते. भरवताना विचारलं, फोन ऐकला होता का. आधी नाही म्हणाले. मग म्हणाले की ऐकला होता, वाटलं पैलवान बाजूला होईल. मी म्हटलं, चौकशीत हेच सांगा. तर डाव्या हाताने माझ्या कानशिलात मारली. मी पितळी तांब्या उचलून त्यांच्या कपाळावर घातला. रक्त बघून दोघंही घाबरलो. मीच पुसलं, मीच पट्टी बांधली.

काल चौकशीला मी गेले आणि ह्यांच्यासमोर सगळं सांगितलं. शेवटी हे हो म्हणाले. नोकरी गेली. खटला होईल, तुझ्यावरही होईल.

बाहेर पैलवानाची बायको होती.  बसच्या थांब्यावर ती माझ्या शेजारी येऊन बसली. तिची बस आली आणि गेली. ती उठली नाही.

खुशाली कळवत जा.
तुझी,
ताई