भाव उतरेपर्यंत

४ फेब्रुवारी
आईने पुन्हा मोठ्या टीव्हीचा विषय काढला. घरातला बत्तीस इंची तिला पुरेनासा झालाय. म्हणे, बातम्यांखालची अक्षरं मुंग्यांसारखी पळतात. मी टीव्हीच्याच दुकानात विक्रेता, मला का भाव ठाऊक नाही! पंचावन्न इंचीवर लोक तुटून पडलेत, आणि जितका खप वाढेल तितका भाव उतरतो. जरा थांब म्हटलं.

९ मार्च
उतरला! गिऱ्हाइकांची रांग फाटकापर्यंत. बायको म्हणाली, आता घेऊन टाका. अजून उतरेल, मी म्हटलं.
"थांबला तो संपला," ती म्हणाली.
आमच्या धंद्यात थांबला तो जिंकला — इतकी वर्षं काउंटरवर उगाच नाही काढली.

२ एप्रिल
आई हल्ली टीव्हीसमोर स्टूल टाकून बसते, अगदी नाक टेकवून. मागच्यांना नुसता तिचा अंबाडा दिसतो. हसून हसून पुरेवाट झाली.

२१ मे
पुन्हा उतरला. शेजाऱ्यांनीही घेतला, आता मजल्यावर आम्हीच उरलो. आई चिडचिड करते. पण पुढच्या महिन्यात नवं मॉडेल येतंय, आताचं मातीमोल होईल. घाई करून पस्तावलेली गिऱ्हाइकं मी रोज पाहतो. तरी मनाला कसली तरी रुखरुख लागलीय.

३० मे
आईने चहा कपाच्या बाहेर ओतला. संध्याकाळी दाराच्या चौकटीवर खांदा आपटला. बायको म्हणाली, डोळे दाखवून आणू या. मी म्हटलं, दिवसभर त्या टीचभर पडद्याला डोळे ताणल्यावर दुसरं काय होणार? मोठा आला की ताण जाईल. आई म्हणाली, तेच तर मी कधीपासून सांगतेय. बायकोने आईचा हात धरून तिला खुर्चीपर्यंत नेलं. तिचं हे हात धरणं मला आवडलं नाही. भीती वाटली, खरं सांगायचं तर.

१६ जून
आणला! मूळ किमतीच्या निम्म्यात. मालकसुद्धा म्हणाला, पक्का आहेस. उद्या सुट्टी, भिंतीवर चढवतो.

१७ जून
दुपारी जोडून झाला. आवाज बंद ठेवून रंग जुळवत होतो. भिंतभर चित्र, लखलखीत. आई समोरच्या खुर्चीत, पडद्याकडे तोंड करून. दहा मिनिटं तरी बसली असेल.
मग म्हणाली, "झालं जोडून की सांग हो. मग लाव."